बनसोडे सरांचं लॉगिन

वाढदिवसाचं कार्ड ऑफिसात फिरायला लागलं की सगळे न बघता त्यावर सही ठोकायचे. बनसोडे सर कार्ड हातात घेत, उघडत, आत छापलेल्या चार इंग्रजी ओळी पूर्ण वाचत, मागची बाजू बघत आणि मग विचारत, "हे कुणी आणलं?" अकाउंट्समधल्या मुलीचा वाढदिवस आहे हे त्यांना पक्कं माहीत असायचं. तरीही विचारायचे. एकदा त्यांनी सही केली आणि शेजारी लिहिलं, 'फक्त शुभेच्छांपुरती'. त्या मुलीने ते कार्ड पुढे दोन वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे ब्रेक बनवायची. कोणता ब्रेक कधी तयार झाला, कुणी तपासला, कोणत्या ट्रकमधून गेला, ही सगळी माहिती एका मोठ्या डेटाबेसमध्ये असायची आणि तो सांभाळायचं काम सरांकडे होतं. मी त्यांच्या हाताखाली, कॉन्ट्रॅक्टवर. थेरगावात डांगे चौकापाशी अब्बांचं गॅरेज आहे. हाताला ग्रीस न लावता नोकरी करणारी आमच्या घरातली मी पहिली, हे अब्बा गिऱ्हाइकाला गाडीची किल्ली देता देता ऐकवायचे. सर मला नुसतं 'मुलाणी' म्हणत. पण 'तुम्ही' कधी सोडलं नाही त्यांनी, मी वयाने त्यांच्या मुलीएवढी असूनही.

ठेंगणे, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. वाचताना ओळीखाली बोट फिरवायची सवय, ती स्क्रीनवर वाचतानाही सुटायची नाही, त्यामुळे त्यांचा मॉनिटर सदा बोटांच्या ठशांनी माखलेला. भोसरीला राहत. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. त्यांनी न वाचता एका कागदावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गेटच्या आत घेतलं नाही, असं ऑफिसात बोललं जायचं. मी एकदा धीर करून सरांना विचारलं. "कुणी सांगितलं?" म्हणाले. मी नाव सांगितलं. "त्याला कुणी सांगितलं?" ते काही मला ठाऊक नव्हतं. सरांनी मान हलवली आणि कामाला लागले. ताकास तूर लागू द्यायची नाही, ह्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक जाडजूड कागदांचा गठ्ठा ठेवला. डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचा करार. म्हणाले, "तीन दिवस. दुसरं काही करायचं नाही." कॉलेजातून नवं नवं शिकून आले होते मी. हात शिवशिवत होते आणि हा माणूस मला वकिलासारखा बसवतोय, म्हणून मनातून चडफडत होते. चौथ्या दिवशी तोंडी परीक्षा.

"वापर म्हणजे काय, मुलाणी?"

"सर, सॉफ्टवेअर चालू केलं की वापर."

"पान बारा काढा."

पान बाराला लिहिलं होतं, मशीनवर बसवलं की वापर धरला जाईल. चालवा नाहीतर नका चालवू. माझा चेहरा पडला, तेव्हा पहिल्यांदा ते थोडं हसले. मग त्यांनी मला ती गोष्ट समजावली. हे लोक आपल्याला अख्खं कपाट आणून देतात. आपण विकत घेतलेले असतात दोन खण. बाकीच्या खणांना कुलूप नसतं, उघडलं तर कुणी हटकत नाही, उलट कामाला सोपंच जातं. पण कोणता खण, कधी, कुणाच्या लॉगिनवरून उघडला, ह्याची नोंद कपाट स्वतःच आत करून ठेवतं. आणि दोन-चार वर्षांनी विकणाऱ्याची माणसं येऊन ती नोंद वाचतात.

"मग कुलूप का लावत नाहीत ते?" मी विचारलं.

"तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. "हाच प्रश्न रोज सकाळी स्वतःला विचारायचा."

आमचे आयटी हेड जगताप साहेब ह्याच्या अगदी उलट. इथलेच, जुन्या घरातले, दिलदार. सगळ्यांना 'राव' म्हणायचे, वरच्या साहेबांनाही आणि चहावाल्यालाही. त्यांचा सगळ्यांवर विश्वास, कारण विश्वास ठेवला की काही वाचावं लागत नाही. सर त्यांना मेल लिहायचे, मुद्दे घालून, पान नंबर देऊन. साहेब उत्तर द्यायचे, "बघू राव." सरांनी त्या सगळ्या 'बघू राव'च्या प्रिंट काढून एका पिवळ्या फाइलला लावल्या होत्या. ऑफिस ह्यावर खूप हसायचं. मीही हसायचे, सर जागेवर नसताना.

दर दिवाळीच्या आधी डेटाबेस विकणाऱ्यांचा सेल्समन यायचा. गोड माणूस. डायऱ्या, पेढ्यांचा बॉक्स, घरी सगळे कसे आहेत. त्या वर्षी तो सरांच्या टेबलाशी टेकून सहज म्हणाला, "नवीन प्लांट जोरात दिसतोय सर. आता सर्व्हर किती झाले आपले?"

सर म्हणाले, "पेढे कुठले आहेत?"

तो गोंधळला. "अं... चिंचवडचे."

"उघडा."

त्याने उघडले. सरांनी एक पेढा उचलला, वास घेतला, परत ठेवला आणि बॉक्स बंद करून त्याच्या हातात दिला. "मला नको. आणि सर्व्हरबद्दल लेखी विचारा, लेखी सांगतो." तो बिचारा लाल होऊन जगताप साहेबांच्या केबिनमध्ये गेला. काचेपलीकडून साहेबांचा आवाज खणखणीत आला, "दोन होते, आता सहा टाकलेत राव! एकदम मोठं काम चाललंय!" दोघं मोठ्याने हसले. सरांनी डोळे मिटून घेतले. दुखरा दात दाबल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मला म्हणाले, "हा पेढे देऊन सर्व्हर मोजतो." मला ते फारच वाटलं. सणासुदीला आलेल्या माणसाला असं वागवायचं? मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दोन पेढे खाल्ले.

माझ्यावरही त्यांची नजर असायचीच. सोमवारी सकाळी ते आठवडाभरात कुणी काय चालवलं त्याची यादी काढत, त्यात माझं नाव वेगळ्या शाईने. एकदा मी जेवून लवकर परत आले तर सर माझ्या मशीनसमोर वाकून काय काय बसवलंय ते बघत होते. मला संताप आला. म्हटलं, "सर, माझ्यावर विश्वास नाही का?" ते सरळ झाले, चष्मा पुसला. "आहे. म्हणून तर तपासतो. नसता तर काम दिलं असतं का?" ह्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. तो आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते.

एका दुपारी त्यांना घरून फोन आला. त्यांच्या मिसेस चक्कर येऊन पडल्या होत्या, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. उभ्याउभ्याच त्यांनी गेटपास लिहिला. आणि नेमकं त्याच वेळी डेटाबेस मंदावला होता. डिस्पॅचमध्ये एकेका बॉक्सचं लेबल छापायला दहा-दहा मिनिटं लागत होती, बाहेर ट्रक उभे. माझ्या लॉगिनला आत शिरून दुरुस्ती करायचा अधिकार नव्हता. तो फक्त सरांच्या लॉगिनला. ते दारापर्यंत गेले, परत आले. माझ्याकडे बघत दोन क्षण उभे राहिले. मग एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून माझ्यापुढे धरला, मी पाठ केल्याची खात्री केली, चिठ्ठीचे तुकडे केले आणि ते तुकडे स्वतःच्या खिशात घातले.

"कुठला प्रोग्रॅम अडतोय तेवढं शोधा. काही अडलं तर फोन करा," म्हणाले आणि पळत गेले. सरांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी शोधलं. तास गेला, सापडेना. जगताप साहेबांचे डिस्पॅचमधून फोनवर फोन. "काहीही करा राव, पण चालू करा!" सरांना फोन लावायला हवा होता. पण दवाखान्यात असतील, कसा लावायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. हे मला एकटीला जमतं, हे दाखवायचं होतं. मेनूत वरून दुसरंच बटण होतं, एक खास अहवाल काढायचं. कॉलेजात आम्ही शंभरदा काढला होता. कुठला प्रोग्रॅम किती वेळ खातो, सगळं एका पानावर येतं. मी बटण दाबलं. पाच मिनिटांत गुन्हेगार सापडला, मी तो बंद केला, लेबलं खडाखड छापू लागली, ट्रक हलले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असतानाच मला आठवलं, तो अहवाल आपल्या दोन खणांतला नव्हता.

सरांच्या मिसेस दोन दिवसांत घरी आल्या. सोमवारी सर कामावर आले, नेहमीसारखी यादी काढली. मी समोर बसून की-बोर्डवर उगाच बोटं फिरवत होते. त्यांचं बोट स्क्रीनवरून खाली खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं. बराच वेळ थांबलं. तारीख, वेळ, तो अहवाल आणि लॉगिन: बनसोडे. आता विचारतील, म्हणून माझी पाचावर धारण बसली होती. प्रत्येकाला 'कुणी सांगितलं, कुणी आणलं' विचारणाऱ्या माणसाने मला काही म्हणजे काही विचारलं नाही. पासवर्ड बदलला. मग जगताप साहेबांना मेल टाकला आणि प्रत मला पाठवली. 'आपल्या परवान्यात नसलेला एक भाग एकदा वापरला गेला आहे. लॉगिन माझं. विक्रेत्याला आपण होऊन कळवावं, असं माझं मत आहे.' दुपारी उत्तर आलं, "बघू राव."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कॉन्ट्रॅक्टवरून पर्मनंट व्हायला मला पाच महिने राहिले होते, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला काढायला कुणालाच कारण लागत नाही. घरी अब्बांनी अर्ध्या थेरगावाला सांगून ठेवलं होतं. असं सगळं मी मनात मांडत बसायचे आणि दिवस जायचा.

तीन महिन्यांनी विक्रेत्याचं पत्र आलं, तपासणीला येतोय म्हणून. कंपनीत एकच चर्चा, आत्ताच कसं काय? चुगली कुणी केली? साहेबांनी कुणाला तरी सरांचा तो मेल दाखवला. 'विक्रेत्याला कळवावं' एवढेच दोन शब्द ऑफिसभर फिरले. कँटीनमध्ये सरांच्या टेबलावर बसणारे डबे घेऊन दुसरीकडे बसायला लागले. 'दोन होते, सहा टाकलेत राव' हे माझ्याही कानांनी ऐकलेलं होतं, पण ते कुणाला आठवलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. उलट, खोटं कशाला बोलू, सरांनीच कळवलं असेल तर बरं होईल, असं मला वाटत होतं. त्यांनी काहीतरी वाईट केलेलं असलं की माझं थोडं कमी वाईट झालं असतं. मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागले. ते फोनवर कुणाशी बोलतात, कुणाला काय प्रिंट देतात. माझं नाव देतील, आज देतील, उद्या देतील, ह्या धास्तीने मला जेवण जाईना.

तपासणीवाले येण्याच्या आदल्या दिवशी जगताप साहेब आमच्या टेबलांपाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "बनसोडे, ती एक नोंद पुसता येत नाही का राव?"

"येते."

"मग?"

"पुसल्याची नोंद दुसरीकडे होते. आणि ती झाली नसती तरी मी पुसली नसती." माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलाणींनाही पुसायला सांगू नका. त्यांच्या लॉगिनला तो अधिकार नाही."

तपासणीत जे निघायचं ते निघालं. परवाना दोन सर्व्हरचा, निघाले सहा, आणि तो अहवाल. मग प्लांट हेडच्या केबिनमध्ये मीटिंग. लांब टेबल, प्लांट हेड, जगताप साहेब, सर, आणि कागद द्यायला म्हणून मी. सर्व्हरचा विषय साहेबांनी 'कामाच्या घाईत राहून गेलं' म्हणत उरकला. अहवालाच्या ओळीवर मात्र सगळे थांबले.

"हे लॉगिन कुणाचं?" प्लांट हेडने विचारलं.

"माझं," सर म्हणाले.

"म्हणजे अहवाल तुम्ही काढला."

"लॉगिन माझं आहे म्हणालो."

"बनसोडे, मी विचारतोय काढला कुणी?"

"आपल्या नियमात माणूस नाही साहेब, लॉगिन जबाबदार असतं. पान नऊ. तो नियम मीच लिहिलाय." त्यांनी पान नऊ पुढे सरकवलं. त्यावर त्यांचा तो मेल ठेवला, त्याच्यावर 'बघू राव'. "मी ह्या तारखेला कळवलं होतं."

त्या दुपारचा त्यांचा गेटपास पिवळ्या फाइलमध्ये होता. मला माहीत होतं. बटण दाबलं तेव्हा ते दवाखान्यात होते, हे त्या एका चिटोऱ्याने सिद्ध झालं असतं. त्यांनी फाइल उघडली, मेल काढला आणि फाइल बंद केली. मी भिंतीला टेकून उभी होते. दोन वाक्यांचं काम होतं. 'साहेब, मी काढला. मला पासवर्ड दिला होता.' ओठांपर्यंत आलं होतं असंसुद्धा म्हणणार नाही मी. आलं नव्हतं. मी कागद सारखे करत होते.

जगताप साहेब नोकरीत टिकले. जबाबदार माणसावर कारवाई केली असं विक्रेत्याला दाखवायचं होतं, म्हणून सरांना राजीनामा द्यायला सांगितलं. एचआरने तयार मजकूर आणला. सरांनी बोट फिरवत तो वाचला, दोनदा वाचला, आणि एका शब्दावर काट मारली. "हे 'स्वखुशीने' काढा. खुशी नाही." एचआरची मुलगी म्हणाली, सर, सगळ्यांच्या पत्रात असतं. "सगळ्यांची असेल," म्हणाले. नवीन प्रिंट येईपर्यंत बसून राहिले. त्या वेळात मला रोजच्या कामाची यादी समजावली, नीट, एकेक मुद्दा. घरचं, मनातलं एक अक्षर नाही. मी मान हलवत होते आणि ते कधी एकदा जातात असं मला झालं होतं. त्याची मला आज जेवढी लाज वाटते, तेवढी त्या गप्प बसण्याचीही वाटत नाही.

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी मी बसकडे निघाले होते. गेटवर सर उभे. गेटचे काळूराम मामा, जवळच्याच गावचे, हात जोडून म्हणत होते, "सायेब, तुमची बॅग काय बघायची? जावा तुमी."

"बघा मामा. नियम आहे."

मामा बघेनात, तेव्हा सरांनी स्वतःच बॅग टेबलावर रिकामी केली. डबा, छत्री, चष्म्याचं घर, औषधाची एक पट्टी, टॉवेल. एकेक वस्तू त्यांनी मामांना रजिस्टरमध्ये लिहायला लावली. मागे बायकांची रांग खोळंबली होती, कुणीतरी कुरकुरलं. मी मान खाली घालून बाजूने निघून जाणार होते.

"सायेब, हितं साक्षीदाराची सही लागती," मामा म्हणाले. "आता कुणाला घालू? जगताप सायबांना बोलवू व्हय?"

"न्हाई न्हाई," सर त्यांच्याच बोलीत म्हणाले आणि त्यांनी मान वळवली. मी तिथे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, तसं. "ह्यांना घाला. ह्या खरं लिहितील."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असेल म्हणून शोधला. दहा वर्षं होत आली, अजून शोधतेय. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण ते नेहमीसारखेच, काम नीट होतंय ना एवढंच बघत उभे होते. मामांनी पेन पुढे केलं. 'बॅगेत कंपनीचं काही आढळलं नाही,' असं मी लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. सरांनी ओळीखाली बोट फिरवून वाचलं. "वेळ टाका," म्हणाले. मी वेळ टाकली. त्यांनी डबा, छत्री, टॉवेल पुन्हा नीट बॅगेत भरलं, मामांना नमस्कार केला आणि भोसरीच्या रिक्षांच्या दिशेने चालायला लागले. माझ्या हातात अजून पेन होतं.